राजाला बोटं होती का?

कोंबडीचं एक पीस, एक टाचणी आणि काचेच्या दोन नळ्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. माझी सगळी नोकरी एवढ्या सामानावर झाली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात ‘व्यवसायातल्या हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत. मी कुष्ठरोगाच्या दवाखान्यात परिचारिका होते. तिथे हृद्य फारसं काही नसतं. फराळाची बशी समोर ठेवून ज्यांना हे वाचवणार नाही त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

काम कसं चालतं ते आधी सांगते. माणसाला उन्हात उभं करायचं. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की त्याला डोळे मिटायला सांगायचं आणि पीस फिरवायचं. जिथे लागेल तिथे त्याने बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर फिरवलं की माणूस बरोबर बोट ठेवतो. चट्ट्यावर फिरवलं की तसाच डोळे मिटून उभा राहतो आणि थोड्या वेळाने विचारतो, ‘‘बाई, कधी फिरवणार?’’ त्याने हे विचारलं की आमचं निदान झालं. मग टाचणी, मग नळ्या. मग कोपराच्या मागची शीर चाचपायची. रोग असेल तर ती सुतळीसारखी जाड लागते.

लोकांना वाटतं या रोगात बोटं गळून पडतात. बोटं गळत नाहीत. हाताला कळायचं बंद होतं, आणि मग माणूस रोजची कामं करता करता स्वतःचाच हात जाळतो, कापतो, चेचतो. निरगुडसरच्या चिंधाबाईने तिची हकिगत मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि हसत सांगितली. ‘‘करपल्याचा वास आला बाई. म्हनलं भाकर लागली. बघते तं भाकर चांगली व्हती, हातच तव्यावर व्हता.’’

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके माझ्याकडे होते. एक जीप, एक ड्रायव्हर, महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर, बाकी सगळं मी. बुधवारी जुन्नर, रविवारी घोडेगाव, मधल्या दिवशी मधली गावं. गावात कुणी जागा देत नसे, म्हणून घोडेगावला रस्त्याकडेच्या वडाखाली आमचा दवाखाना भरे. ड्रायव्हर जीप वडापासून वीस पावलांवर लावी आणि काचा वर करून आत बसे. तीन वर्षांत तो वडाखाली एकदाही आला नाही.

पूर्वी या रोगावर कडू तेलाची इंजेक्शनं होती. ती फार दुखत, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. मग गोळ्या आल्या. औषध उत्तम, पण दिसायला अगदीच साधं. ‘‘एवढुश्या गोळीनं महारोग जातुय व्हय? बाई, सुई टोचा राव.’’ गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते, आणि चट्टा जरा फिका पडला की माणूस यायचा थांबतो. घरी नेलेल्या गोळ्यांचं काय होतं तेही मला कळत गेलं. एका पाटलांनी त्या बैलाला चारल्या. बैलाच्या पाठीवर चट्टा होता, आणि बैल पाटलांपेक्षा कामाचा होता. तेव्हापासून मी नियम केला: आठवड्याच्या गोळ्यांतली पहिली गोळी माझ्यासमोर, पाण्याच्या घोटाबरोबर, आणि मग तोंड उघडून दाखवायचं. पण त्यासाठी माणूस वडाखाली यायला हवा. हजेरीच्या रजिस्टरात रिकाम्या चौकटी फार असत. त्या भरायला मला शेवटी एक राजा उपयोगी पडला. त्याच्यावाचूनच मी काम भागवलं असतं तर एक माणूस वाचला असता, म्हणून हे लिहिते आहे.

साबळे मास्तर पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात, काळी छत्री उघडून. सगळे पेशंट जाईपर्यंत वडाच्या पलीकडे उभे राहिले. मग पुढे येऊन डावी बाही वर केली. मनगटाच्या वर रुपयाएवढा चट्टा, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर.

‘‘गाव?’’

‘‘जुन्नर. शाळेत शिकवतो. इतिहास आणि इंग्रजी.’’

‘‘जुन्नरला बुधवारी येते मी.’’

‘‘म्हणूनच इथे आलो.’’

जुन्नरहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून घोडेगाव. एका गोळीसाठी हा माणूस रविवारचा सगळा दिवस एसटीत घालवणार होता. त्यांचा रोग सौम्य जातीचा होता. अशा माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. जुन्नरला माहीत नाही. कळलं तर नोकरी त्याच दिवशी जाईल. घरी बायको आहे, तिलाही मी हे पित्त म्हणून सांगितलंय.’’

गंमत अशी की जुन्नरचाच दुसरा माणूस त्याच कारणासाठी त्याच गाडीने येत होता. रहीमचाचा हातकागद करणाऱ्यांपैकी. धंदा बसत आलेला, पण हात उभा जन्म लगद्याच्या हौदात गेलेले. बधिर कधी झाले ते पाण्यात कळलंच नाही. दोघं एकाच एसटीत पुढे-मागे बसत आणि घोडेगावपर्यंत एकमेकांना ओळख दाखवत नसत. वडाखाली आल्यावर चाचा म्हणत, ‘‘सलाम मास्तर, कधी आलात?’’

राजाचा विषय निघाला चिंधाबाईमुळे. औषधाची पेटी उघडायला मला उशीर झाला होता आणि मंडळी कंटाळली होती. चिंधाबाई म्हणाली, ‘‘ह्ये दुखनं आपल्यासारख्या गरिबाच्याच मागं लागतं. राजा-महाराजाला कदी झालाय का महारोग?’’

वडाच्या पलीकडून आवाज आला, ‘‘झाला होता.’’

सगळ्यांनी माना वळवल्या. छत्रीमागे उभा राहणारा माणूस बोलतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

‘‘कुटल्या राजाला?’’ आंबेगावकडच्या डोंगरातला भिवा मेंढरं राखायचा, त्याने विचारलं.

‘‘स्कॉटलंडच्या.’’

‘‘कुटशी आलं ते?’’

‘‘इंग्लंडच्या डोक्यावर. इंग्रज खाली सपाटीला, हे लोक वर डोंगरात. मेंढरं पुष्कळ.’’

‘‘मंजी आमच्यावानीच की!’’

‘‘इंग्रजांनी त्यांचा देश घेतला होता.’’

‘‘त्यांनी कुणाचा सोडलाय?’’ रहीमचाचा म्हणाले.

‘‘या राजानं परत घेतला. लढून घेतला.’’

चिंधाबाई आपल्या हातांकडे बघत होती. उजव्याला तिला अंगठा आणि दीड बोट होतं. ‘‘मास्तर,’’ ती म्हणाली, ‘‘राजाला बोटं व्हती का?’’

 मी तेवढ्यात पेटी उघडली होती. म्हटलं, ‘‘आधी गोळ्या. बोटांचं पुढच्या रविवारी.’’

पुढच्या रविवारी सगळे आले. जे महिना महिना तोंड दाखवत नव्हते तेही आले. मी लगेच व्यवहार ठरवून टाकला: गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं, की राजा. मास्तरांना मी विचारलंही नाही. छत्री मिटून त्यांना वडाच्या मुळीवर बसवलं.

राजाचं नाव ते नीट सांगत, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. वडाखाली तो नुसता ‘राजा’ झाला. सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वीचा. शाळेच्या पुस्तकात त्याची आणि गुहेच्या भिंतीवर जाळं विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट असते, ती सांगा म्हणून मी एकदा सुचवलं. ‘‘ती पुढे कुणीतरी जोडलेली आहे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘त्या काळच्या लिखाणात नाही. मी वर्गातसुद्धा सांगत नाही.’’ माणूस एवढा काटेकोर होता हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोळ्याशिवायही गोष्ट भरपूर होती. राजाने मुकुट घातला आणि काही आठवड्यांतच इंग्रजांनी त्याला पार मोडला. भावांची मुंडकी उडवली. बहिणीला पिंजऱ्यात कोंडून किल्ल्यावर ठेवलं, चिमणीसारखं. बायको-मुलीला कैदेत नेलं. राजा बेटांवर लपत फिरला. मग मूठभर माणसं घेऊन परत आला आणि उघड्या मैदानात लढायचं नाव काढीना. दोर-शिड्या लावून किल्ले घेई आणि घेतला की पाडून टाकी, म्हणजे इंग्रजांना पुन्हा आत बसता येऊ नये. शिवनेरीच्या पायथ्याशी राहिलेले रहीमचाचा यावर वैतागले. ‘‘घेतलेला किल्ला पाडायचा? ये क्या बात हुई, मास्तर?’’

‘‘राखायला माणसं नव्हती, चाचा.’’

इंग्रजांची फौज आली की राजा आपल्याच लोकांची उभी पिकं जाळी, गुरं डोंगरात नेई. फौजेला खायला मिळत नसे.  त्यावर चिंधाबाई म्हणाली, ‘‘जाळलं ते शेत ज्याचं व्हतं, त्यानं काय खाल्लं?’’  ‘‘पुस्तकात ते लिहीत नाहीत,’’ मास्तर म्हणाले.

मोठी लढाई तीन रविवार चालली. ओढा, दलदल, घोड्यांच्या वाटेत गुडघाभर खड्डे आणि वर फांद्या पसरलेल्या. ‘‘रानडुकराला करत्यात तसं,’’ भिवाने लगेच ओळखलं. लढाई जुंपायच्या आधी राजा लहानशा तट्टावर बसून रांगा बघत होता. इंग्रजांच्या एका सरदाराने त्याला एकटा पाहिलं आणि भाला रोखून घोडा घातला. राजाने तट्टू जरा बाजूला घेतलं आणि कुऱ्हाड घातली. सरदाराचं डोकं फुटलं, कुऱ्हाडीचा दांडाही मोडला. राजाची माणसं धावत आली आणि रागावली, की एवढा जीव धोक्यात घालतात का? राजा म्हणाला, चांगली कुऱ्हाड मोडली.

भिवा मांडीवर हात मारून हसला. मग एकदम म्हणाला, ‘‘मंजी बोटं व्हती! बोटांबिगर कुऱ्हाड घट धरता येत न्हाई. मला इचारा.’’

‘‘तेव्हा होती,’’ मास्तर म्हणाले. ‘‘रोग पुढचा.’’

‘‘आन् राजाची बायकू?’’ चिंधाबाई. ‘‘ती आली का माघारी?’’

‘‘आली. आठ वर्षांनी.’’

‘‘आली, ह्ये लई झालं.’’

त्या वर्षी रजिस्टर असं भरलं की डॉक्टरांना शंका आली. माझ्या डोक्यात हवा गेली म्हणा. शाळाशाळांतून आम्ही भित्तिपत्रकं लावत होतो. पोरं ती फाडून पतंग करत. मी मास्तरांना म्हटलं, ‘‘हाच राजा वर्गात सांगा. रोग झालेला राजा. पोरं घरी जाऊन सांगतील. माझ्या शंभर पत्रकांनी होणार नाही ते एका तासात होईल.’’

‘‘वर्गात मी जिंकला तिथे थांबतो.’’

‘‘का?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘बाई, हे कारण तुम्हाला सांगायला हवं?’’

मी तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. मला वाटे, खरं एकदा नीट सांगितलं की लोकांना पटतंच. मी तीन रविवार त्यांच्या मागे लागले. तिसऱ्या रविवारी, सगळ्यांसमोर, म्हटलं, ‘‘मास्तर, राजा इंग्रजांच्या फौजेला भ्यायला नाही. तुम्ही सातवीच्या वर्गाला भिता?’’

मंडळी हसली. मास्तरही हसले. त्यांनी छत्री उघडली आणि ते एसटीकडे गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्गात सांगितलं. सांगितलंही चांगलं असणार, कारण वर्गातल्या एका मुलीने ते घरी जसंच्या तसं सांगितलं: राजाला महारोग झाला होता, तो रोग सगळ्यांपासून लागत नाही, त्यावर आता गोळ्या आहेत, त्या अमुक वर्षं घ्याव्या लागतात. मुलीचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी बायकोला विचारलं, इतिहासाच्या मास्तरला गोळ्यांचं एवढं कसं माहीत? एवढं पुरलं. मास्तर उन्हाळ्यातसुद्धा बाही खाली ठेवतात, डाव्या हातात काही धरत नाहीत, दर रविवारी गावात नसतात, असं एकेक लोकांना आठवत गेलं.

बुधवारी जुन्नरच्या दवाखान्यात हेडमास्तर आले. माणूस वाईट नव्हता. उन्हात उभा राहिला, पण आला.

‘‘बाई, दोन ओळी लिहून द्या. ‘साबळे यांना रोग नाही.’ मी फाइलला लावतो, कमिटीचं तोंड बंद होतं. मला दुसरा इतिहासाचा शिक्षक असा मिळायचा नाही.’’

‘‘रोग आहे.’’

‘‘पोरांना लागेल?’’

‘‘मुळीच नाही.’’

‘‘मग ‘नाही’ लिहायला काय बिघडतं?’’

‘‘कारण रोग आहे. खोटा दाखला मी लिहिणार नाही. खरा देते. त्यातही त्यांची नोकरी वाचेल असंच लिहिलेलं असेल.’’

मी मजकूर लिहिला, डॉक्टरांनी सही केली. ‘सदर इसमास असलेला रोग असांसर्गिक प्रकारचा असून शिकवण्याचे काम करण्यास कोणतीही हरकत नाही.’ हेडमास्तरांनी तो उभ्यानेच वाचला आणि घडी घातली. ‘‘बाई, यातलं कमिटीला एकच कळेल,’’ ते म्हणाले. ‘‘आहे, एवढंच.’’

तसंच झालं. मास्तरांना आधी रजेवर जायला सांगितलं, मग येऊ नका म्हणून सांगितलं. घरमालकाने खोली सोडायला लावली. बायको माहेरी गेली. तिला सगळ्यात राग पित्ताचा आला, की इतके दिवस खोटं सांगितलं. मास्तरांचा भाऊ निरगुडसरला शेती करत होता. त्याने गावाबाहेरच्या शेतातला गोठा रिकामा करून दिला. आपल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, घरात घेता येणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. मीही त्याच्या जागी कदाचित तेच केलं असतं.

पुढच्या रविवारी मास्तर वडाखाली आले तेव्हा छत्री नव्हती. लपायचं काही उरलं नव्हतं. मला म्हणाले, ‘‘दाखला वाचला. तुम्ही खरं तेच लिहिलंत. मीही तेच लिहिलं असतं.’’ त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही रविवार ते आले. मग येईनासे झाले. गैरहजर पेशंटच्या घरी जाऊन चौकशी करणं हे माझं कामच, म्हणून निरगुडसरला गेले. गोठ्यात तीन दगडांची चूल, एक पातेलं, खोक्यात पुस्तकं. भावजय सुरुवातीला बांधावर ताट ठेवून जाई, आता शिधाच पाठवत होती. मास्तर स्वतः रांधत होते. जन्मात न केलेलं काम, आणि डावा हात बधिर. मी त्यांना सांगितलं ते सगळ्यांना सांगते तेच: पातेलं फडक्याने धरा, चुलीजवळ डाव्या हाताचं काम काढू नका, रोज संध्याकाळी दोन्ही हात उजेडात धरून तपासा. गोळ्या समोर गिळायला लावल्या. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवलं.

‘‘मंडळी राजाचा शेवट विचारतात,’’ मी म्हटलं.

‘‘राहिलाय खरा. येईन. रविवारी येईन.’’

दोन रविवार गेले. गोष्ट थांबल्यापासून हजेरी पुन्हा रोडावली होती. तिसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला वडाखाली तिघंच होती, तेवढ्यात मास्तरांचा भाऊ सायकलवरून आला. उतरून उभा राहिला, जवळ आला नाही. त्याने लांबूनच सांगितलं. मास्तरांचा डावा हात भाजला होता. त्यांना कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा जखम झाली होती. भावाने त्यावर शेणाच्या गवरीची राख दाबली, सगळे दाबतात तशी. चार दिवसांनी दातखीळ बसली, मग अंग कमानीसारखं वाकायला लागलं. धनुर्वात. पहाटे संपलं होतं.

‘‘मला का नाही बोलावलंत?’’

‘‘त्ये नको म्हनले. म्हनले, बाईस्नी रविवारचं काम असतं.’’ मग तो खरं ज्याच्यासाठी आला होता ते बोलला. ‘‘बाई, भावकीतलं कोन येत न्हाई. गावातलं बी न्हाई. मला मडकं धराया लागंल. खांदा द्यायला मानूस न्हाई.’’

मी काही बोलायच्या आत भिवा उठला होता. रहीमचाचा त्याच्यामागून उठले. चिंधाबाईने पदर खोचला.

‘‘तू बाईमानूस, कुटं निघालीस?’’ भिवा म्हणाला.

‘‘मोजून बघ किती जनं हायेत ती.’’

भिवा स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाला, ‘‘बोटं कुनालाच धड न्हाईत. धरायचं कसं?’’

‘‘खांद्याला बोटं कशाला लागत्यात?’’ चिंधाबाई म्हणाली.

गोळ्या द्यायच्या राहिल्या होत्या. मी आधी त्या सगळ्यांना दिल्या, तोंडं बघितली, मग जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, ही माणसं बसणार असतील तर मी चालवणार नाही. मी म्हटलं, मग किल्ली द्या, चालवता येत नाही पण शिकते. त्याने चालवली. निरगुडसरच्या वेशीबाहेर थांबवली आणि काचा वर करून आत बसून राहिला.

तिरडीचे बांबू आणि कडबा भावाने आणून ठेवले होते. बांधायला सुंभ होता. बांधायला बोटं लागतात. भाऊ मडक्यात निखारे भरत होता, बाकीच्यांना बोटंच नव्हती. गाठी मी मारल्या. बँडेज बांधायची सवय होती, गाठ घट्ट बसते माझी. मास्तरांचं अंग अजून पुरतं सरळ झालेलं नव्हतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

भाऊ मडकं घेऊन पुढे. मागे भिवा आणि रहीमचाचा, त्यांच्यामागे चिंधाबाई आणि मी. त्यांनी बांबू खांद्यावर घेऊन मनगटाने आणि कोपराच्या घडीत आवळून धरला होता. नदीपर्यंत अर्धा मैल असेल. शेतांतून माणसं उभी होती. काहींनी टोप्या काढल्या, जवळ कुणी आलं नाही. रहीमचाचा काहीतरी पुटपुटत होते, ते त्यांचं त्यांना माहीत. वाटेत एकदाच थांबलो, चिंधाबाईच्या खांद्याला बांबू रुतला म्हणून. तिला खांद्याला कळत होतं.

परत आलो तर गावातल्यांनी गोठ्यासमोर आग पेटवलेली होती. अशा माणसाचं सामान जाळून टाकतात. अंथरूण गेलं होतं, पुस्तकं जात होती. कडेला एक वही होती, मी ती उचलली. मला कुणी अडवलं नाही. माझ्या हातात आहे म्हणजे ती बाटलेलीच, असं त्यांना वाटलं असावं.

वहीत रविवारच्या गोष्टीची टिपणं होती. किती सांगितलं, कुठे थांबलो, कुणी काय विचारलं. ‘चिंधाबाई: शेतवाल्यांनी काय खाल्लं? शोधणे.’ पहिल्याच पानावर, राजाच्या रोगापुढे, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘रोगाबद्दल मुख्यतः शत्रूकडचे लोक लिहितात. बदनामीसाठी असू शकेल. खात्री नाही.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कोळी खोटा म्हणून वर्गात न सांगणाऱ्या माणसाने, ज्याची खात्री नाही ते वडाखाली सांगितलं होतं, कारण चिंधाबाईने विचारलं होतं. आणि तेच मी त्यांना वर्गात सांगायला लावलं. मी मात्र एक खोटी ओळ लिहायला तयार नव्हते. ती ओळ लिहिली असती तर मास्तर आणखी एखाद-दोन वर्षांत बरे झाले असते, त्यांच्या गोळ्या उत्तम लागू पडत होत्या. मी तो दाखला नियमाप्रमाणेच लिहिला होता. आज लिहायचा झाला तर मी खोटा लिहीन.

पुढच्या रविवारी वडाखाली सगळे होते. गोळ्या झाल्या. कुणी उठेना. भिवा म्हणाला, ‘‘बाई, वहीत शेवट आसंल.’’

होता. मी वाचून, माझ्या भाषेत सांगितला. राजाचा रोग वाढला, तो आपल्या गावच्या घरी मेला. मरताना त्याने आपल्या जुन्या सरदाराला सांगितलं, की देवाच्या कामाला लढायला जायचं राहिलं, तर माझं काळीज तरी घेऊन जा. राजा मेल्यावर त्याच्या माणसांनी छाती उघडून काळीज काढलं, चांदीच्या डबीत घातलं. सरदाराने ती डबी गळ्यात बांधली आणि लढाईला घेऊन गेला.

‘‘हात लावला?’’ चिंधाबाईने विचारलं. ‘‘रोग झालेल्या मानसाच्या काळजाला?’’

‘‘लावला.’’

‘‘आन् गळ्यात बांदलं?’’

‘‘हो.’’

पहिल्या पानावरची ओळ माझ्या बोटाखाली होती. ती मी वाचली नाही. पुढेही कधी वाचली नाही.

‘‘आन् बाकीचा राजा?’’ ती म्हणाली. ‘‘त्याला खांदा कुनी दिला?’’

‘‘त्याच्या माणसांनी.’’

‘‘किती जनं व्हती?’’

‘‘वहीत नाही लिहिलेलं.’’

भिवा उठला, घोंगडी झटकली, गोळ्यांची पुडी मुंडाशात खोचली.

‘‘चार तरी आसत्यालच,’’ तो म्हणाला, आणि डोंगराच्या वाटेला लागला.